इटेनच्या धावपटूचं काम हाती घेताना

मी मूळची सोलापूरची, जर्मनीत एर्लांगेनला राहते. केनियातल्या इटेनहून इथल्या छोट्या रस्ता-शर्यतींना येणाऱ्या, फारसं नाव नसलेल्या धावपटूंची कागदपत्रं आणि हिशेब मी सहा वर्षं सांभाळतेय. युरोपातले आणखी काही मराठी लोक या कामात उतरताहेत, त्यांच्यासाठी हे.

परवाना आधी. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स या जागतिक महासंघाची परीक्षा देऊन धावपटूंचा अधिकृत प्रतिनिधी, म्हणजे एजंट, होता येतं. तोवर माझ्यासारखं परवानाधारकाच्या हाताखाली राहा.

पाणी मुरतं ते हिशेबात. समजा, बक्षीस 1,000 युरो. जर्मनीत आयोजक परदेशी खेळाडूच्या रकमेतून अधिभारासह 15.825 टक्के कर आधीच कापतो. उरले 841.75. एजंटचं कमिशन रूढीनं 15 टक्के, पण कशावर? मूळ बक्षिसावर धरलं तर 150 युरो, हाती आलेल्या रकमेवर धरलं तर 126.26. करारात हे एक वाक्य बहुतेक वेळा नसतंच. आम्ही हाती आलेल्या रकमेवर धरतो आणि कर कापल्याची पावती धावपटूला देतो. तिकीट, व्हिसा, राहणं यांचे आकडे तो विमानात बसायच्या आधी स्वाहिलीत लिहून द्या. मागाहून निघालेला खर्च तुमचा. आणि डोपिंग चाचणीचा निकाल येईपर्यंत बक्षीस अडकून राहू शकतं, हेही आधीच सांगा. नाहीतर घरचे त्या पैशांच्या भरवशावर उधारी करून बसतात.

शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. तेवढ्यात तिकीट वसूल करायचं म्हणून शर्यतींवर शर्यती लावल्या जातात. आमच्याकडे आलेल्या एका मुलाला आधीच्या एजंटनं नडगी दुखत असताना लागोपाठ तीन रविवार पळवलं होतं. त्याचा पासपोर्ट एजंटच्या कपाटात होता. नाही म्हणून जाणार कुठे? मला अजूनही त्या एजंटचा राग येतो. पासपोर्ट धावपटूच्याच खिशात हवा. त्यानं शर्यत नाकारली तर दंड नाही, हे करारात लिहा. दोन अर्धमॅरेथॉनमध्ये मी तीन आठवडे सोडतेच.

धावपटू बाई असेल तर पैसे कुणाच्या खात्यात जातात ते स्वतः बघा. केनियाची धावपटू अ‍ॅग्नेस टिरोप हिनं सप्टेंबर 2021 मध्ये आमच्या शेजारच्या हेर्त्सोगेनआउराखला फक्त महिलांच्या 10 किलोमीटर शर्यतीत 30 मिनिटं 1 सेकंदाचा विश्वविक्रम केला. पुढच्याच महिन्यात इटेनला राहत्या घरी तिचा खून झाला. आरोप नवऱ्यावर ठेवला गेला. तेव्हापासून कुठल्याही धावपटू बाईचा नवरा किंवा प्रशिक्षक 'पैसे माझ्याकडे पाठवा' म्हणाला की मी थांबते. तिला एकटीला फोन लावते, बोलायला जमेल अशी वेळ तिलाच विचारते, आणि खातं तिच्या नावावर उघडल्याचा कागद हाती आल्यावरच रक्कम सोडते.