पेट्सीमध्ये नावावरून इव्हेंट कसा शोधावा

मांडवी आणि झुआरी या नद्या कुंभारजुवे कालव्याने जोडलेल्या असल्यामुळे त्यांच्यातील भरती-ओहोटीचे प्रारूप तयार करताना दोन्हींची समीकरणे एकत्रच सोडवावी लागतात, आणि असे काम अनेक प्रोसेसवर वाटले की वेळ नेमका कुठे जातो हे पाहणे अपरिहार्य ठरते. अमेरिकेतील अर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विकसित झालेल्या पेट्सी या समीकरणे समांतर पद्धतीने सोडवणाऱ्या लायब्ररीत त्यासाठी इव्हेंटची, म्हणजे कोडच्या एखाद्या भागाला नाव देऊन त्याचा वेळ नोंदवण्याची, सोय आहे. समजा, कालव्यातील प्रवाह मोजणाऱ्या भागासाठी आपण एका फाईलमध्ये ‘कालवाप्रवाह’ नावाचा इव्हेंट नोंदवला आणि त्याचा क्रमांक दुसऱ्या फाईलमध्ये हवा आहे. तो ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवून सगळीकडे फिरवण्यापेक्षा ‘पेट्सी-लॉग-इव्हेंट-गेट-आयडी’ या फंक्शनला नाव देऊन विचारणे मला अधिक स्वच्छ वाटते. फंक्शनला इव्हेंटचे नाव आणि उत्तर ठेवण्यासाठी व्हेरिएबलचा पत्ता द्यावा. नाव नोंदवताना जसे लिहिले तसेच अक्षरशः लिहावे.

बहुतेक नवशिके पुढच्या पायरीवर अडखळतात. नाव सापडले नाही तर हे फंक्शन त्रुटी दाखवत नाही. ते यशस्वी झाल्याचेच कळवते आणि क्रमांकाच्या जागी उणे 1 ठेवते. त्यामुळे केवळ फंक्शनने परत दिलेला त्रुटी-संकेत तपासणे पुरेसे नसून क्रमांकही तपासावा, अन्यथा पुढे अर्थहीन आकडे येतील किंवा प्रोग्राम कोसळेल. नाव बरोबर असूनही उणे 1 आले, तर आपण फार लवकर विचारले असण्याची शक्यता मोठी. ‘मॅटमल्ट’ हा मॅट्रिक्स-गुणाकाराचा इव्हेंट मॅट्रिक्सचे पॅकेज सुरू होताना नोंदवला जातो, आणि ते पॅकेज अनेकदा पहिले मॅट्रिक्स तयार होईपर्यंत सुरूच झालेले नसते. म्हणून शोध त्यानंतर घ्यावा.

क्रमांक हाती आला की ‘पेट्सी-लॉग-इव्हेंट-गेट-पर्फ-इन्फो’ला टप्पा (नोंदींसाठी वेगळा केलेला प्रोग्रामचा भाग) आणि इव्हेंट देऊन तो किती वेळा घडला, किती वेळ लागला आणि किती फ्लॉप्स (अपूर्णांकी संख्यांवरील गणिती क्रिया) झाले हे विचारता येते. मात्र त्याआधी, प्रोग्रामच्या आरंभीच, ‘पेट्सी-लॉग-डिफॉल्ट-बिगिन’ने नोंदी सुरू केलेल्या असाव्यात. आकडे टप्प्यानुसार ठेवले जातात, हेही ध्यानात असू द्यावे: काम स्वतंत्र टप्प्यात झाले असेल आणि आपण मुख्य टप्प्याला विचारले, तर उत्तर शून्य येते आणि माणूस उगाच आपल्या कोडवर शंका घेत बसतो.

शेवटची बाब समांतरतेची. हे आकडे फक्त त्या-त्या प्रोसेसचे असतात. मांडवीच्या आग्वादजवळच्या मुखाशी गणनेसाठी आखलेल्या बिंदूंचे जाळे दाट असेल, तर तो भाग सांभाळणाऱ्या प्रोसेसचा वेळ जास्त भरतो आणि कालव्याकडची प्रोसेस तोपर्यंत वाट पाहत थांबते. शून्य क्रमांकाच्या प्रोसेसवर (रँकवर) छापलेल्या एकाच आकड्यात ही तफावत दिसणार नाही. यासाठी प्रोसेसमध्ये माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या एमपीआयच्या ‘ऑल-रिड्यूस’ने सर्व प्रोसेसमधील कमाल आणि किमान वेळ काढून त्यांचे गुणोत्तर पाहावे, आणि ते 1 पेक्षा बरेच मोठे आले तर आधी जाळ्याची वाटणी तपासावी.