सोसायटीच्या सेक्रेटरीला बातमीदाराचा फोन येतो तेव्हा

सोसायटीच्या टाकीत सांडपाणी मिसळलं, काही रहिवासी आजारी पडले आणि तुम्ही सेक्रेटरी. मोबाइल वाजतो: "पेपरमधून बोलतोय, तुमची प्रतिक्रिया हवी होती."

लगेच उत्तर देऊ नका, आधी विचारा. नाव काय, कुठला पेपर, बातमी नेमकी कशावर, आणखी कोणाशी बोलणं झालंय आणि प्रतिक्रिया किती वाजेपर्यंत चालेल? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "अर्ध्या तासात फोन करतो" म्हणा आणि खरोखरच करा. पानं लागायची वेळ झाली की बातमीदार तुमच्यासाठी थांबत नाही. मग सकाळी छापून येतं, 'सेक्रेटरींशी संपर्क होऊ शकला नाही', आणि वाचणारे समजायचं ते समजतात.

त्या अर्ध्या तासात अध्यक्षांना गाठा आणि कोणी एकानेच बोलायचं ठरवा. समितीतल्या चौघांनी चार आकडे सांगितले, तर तीच बातमी होते. मग कागदावर लिहून काढा: "सोमवारी पाण्याला वास येत असल्याची तक्रार आली. त्याच दिवशी टाकी बंद करून टँकर मागवले. नमुने तपासायला दिलेत, अहवाल आला की कळवू." बस्स. चूक प्लंबरची की महापालिकेची, यावर अहवालाआधी तोंड उघडू नका. आजारी माणसाचं नाव, फ्लॅट नंबर, मुलांचे फोटो तर मुळीच देऊ नका, बातमीदार कितीही ओळखीचा असो.

सगळं सांगून झाल्यावर "हे छापू नका हं" म्हणण्यात अर्थ नाही. छापून यायला नको ते बोलूच नये.

चॅनेलवाले बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर छोटीशी प्रतिक्रिया, मागतील. दोन-तीन वाक्यांत आटपा. बूम, म्हणजे त्यांचा माइक, खाली गेला तरी कॅमेरा चालू असू शकतो. "आमचे मेंबरच तसले" हे नेमकं तेव्हाच तोंडून निसटतं आणि दिवसभर तेच दाखवलं जातं.

छापण्याआधी बातमी दाखवा, असा हट्ट धरू नका. सहसा कोणी दाखवत नाही. तुमच्या तोंडचं वाक्य आणि आकडे तेवढे वाचून दाखवायला सांगा किंवा सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा.

तरीही चुकीचं आलं, तर आधी बातमीदाराला फोन आणि मग संपादकांना लेखी खुलासा: काय छापलं, खरं काय, पुरावा सोबत. रागाचे शब्द गाळा. त्यानेही भागलं नाही, तर प्रेस कौन्सिलकडे, म्हणजे पेपरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेकडे, जाता येतं. दैनिकाविरुद्धची तक्रार बातमी छापून आल्यापासून २ महिन्यांत करायची असते आणि संपादकांना पाठवलेलं पत्र सोबत जोडावं लागतं. चॅनेलविरुद्धची तक्रार तिथे घेत नाहीत.