तलावाची पाळ चढण्याआधी: नवख्या पक्षी-गाइडसाठी

गोंदिया-भंडाऱ्याकडच्या किंवा नागपूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावतलावावर दहा-बारा जणांना पक्षी दाखवण्याचं काम जे यंदा सुरू करणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. अडई, थापट्या, तलवार बदक, शेकाट्या हे पाणपक्षी ओळखता येतात आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकता येते, हे गृहीत धरलं आहे. तरीही पहिल्या फेऱ्या बिघडतात, आणि बहुतेक वेळा पाळीपाशीच बिघडतात.

मालगुजारी तलावाला, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या गावतलावाला, एका बाजूला मातीची उंच पाळ असते. समोरच्या बाजूला पाणी उथळ होत होत गाळपेरीच्या वावरांत (पाणी ओसरल्यावर गाळात पेरतात त्या शेतांत) संपतं. रस्ता पाळीपाशी येतो, गाडी तिथेच लागते, म्हणून गाइड सगळ्यांना सरळ पाळीवर चढवतो. माथ्यावर उभा राहिलेला माणूस पाण्यातल्या पक्ष्याला आभाळावर लख्ख दिसतो. त्यातही लोक एकेक करून वर आले तर प्रत्येक नवं डोकं बदकांना पुन्हा बिचकवतं, आणि शेवटचा माणूस पोचेपर्यंत थवा उडालेला असतो. दुसरा घोटाळा उजेडाचा. पाळ पश्चिमेला असेल तर सकाळी तुमचं तोंड थेट सूर्याकडे होतं. पाणी चकाकतं आणि चक्रवाकाचा नारिंगी रंगसुद्धा काळा दिसतो. लोकांना वाटतं दुर्बीण हलक्या प्रतीची आहे. चांगली ८×४२ दुर्बीणही त्या उजेडात काही करू शकत नाही.

म्हणून आदल्या दिवशी, त्याच वेळेला, एकट्याने जाऊन या. दुपारी जाऊन उपयोग नाही, उजेड वेगळा असतो. कागदावर पाळ, सांडवा (जादा पाणी बाहेर जायची वाट), झाडं आणि उगवतीची दिशा काढा. पाळ पूर्वेला असेल तर काम सोपं आहे: सूर्य पाठीशी राहतो. पाळीच्या बाहेरच्या अंगाने, खालून चालत जा. पळस किंवा बाभळीची सावली असेल तिथे सगळ्यांना माथ्याच्या खाली एका रांगेत बसवा आणि मग सगळे एकदम, हळूच, फक्त डोळ्यांपुरते वर या. पाळ पश्चिमेला असेल तर धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) लांबचा वळसा घालून उथळ बाजूला जा आणि पाण्यापासून शंभर पावलं अलीकडेच थांबा. तिथे आडोसा नसतो, त्यामुळे बसूनच पाहायचं. तिकडे वाट नसेल तर फेरी संध्याकाळी चारला ठेवा, सूर्य पाठीशी येतो. उत्तर-दक्षिण काठांवर उजेड बाजूने पडतो, तेही चालतं. उजेड उलटा असताना फेरी रेटायची मात्र नाही.

किती जवळ जायचं हे पक्षीच सांगतात. चरणं थांबतं, माना ताठ होतात, बदकं काठापासून हळूहळू आत सरकतात. टिटवी ओरडली की जागेवर थांबा. ती शांत झाली नाही तर मागे या.

आठवड्यापूर्वीच्या माहितीवर विसंबू नका. पिकाला पाणी सोडलं की काठ मागे सरतो, उघड्या चिखलावर तुतारी आणि चिखल्ये हे काठावरचे पक्षी उतरतात, आणि बदकं दुसऱ्या बोडीवर (लहान तळ्यावर) गेलेली असतात. तलावात मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना आधी विचारा. ज्या दिवशी जाळी ओढणार असतील, त्या दिवशी फेरी नको. त्यांच्या ज्ञानावर तुमची फेरी चालते, तेव्हा त्यांच्या गावातल्या एखाद्याला सोबत घ्या आणि त्याला मेहनताना द्या.

आता स्पष्ट सांगायचं ते करंटचं. रानडुकरांसाठी काही वावरांच्या कडेच्या तारेत रात्री वीज सोडलेली असते. कास्तकाराला विचारल्याशिवाय अंधारात किंवा धुक्यात धुऱ्यावर पाऊल टाकायचं नाही, लोकांनाही टाकू द्यायचं नाही. जानेवारीत सूर्य पावणेसात ते सातच्या दरम्यान उगवतो. साडेसहाला गाडीपाशी जमा, उजाडल्यावर निघा. तोवर दुर्बिणी लावून घ्या: उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्याला स्पष्ट करा, मग डावा मिटून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवा. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली करा. हे गाडीपाशी झालं नाही तर काठावर निम्मे लोक दोन काळी वर्तुळं बघत बसतात.

पक्षी दाखवताना “तो बघा, तिथे” याचा काही उपयोग नाही. “बेशरमचं एकटं झुडूप, त्याच्या उजवीकडे दोन हात, पाण्याच्या रेषेवर” असं सांगा. हलणाऱ्या पक्ष्यावरून दुसरा पक्षी दाखवू नका.

मर्लिनसारखं पक्षी ओळखायचं ॲप पक्ष्यांच्या गाण्यांना चांगलं आहे. तलावावरच्या गप्प बदकांना ते पुरत नाही, आणि ऑक्टोबरात नरही मादीसारखेच मातकट दिसतात. आकार, चोच, बुडी मारतो की शेपूट वर करून चरतो, हे आधी बघायचं आणि रंग शेवटी. दोन दिवसांच्या प्रमाणपत्रापेक्षा एक हिवाळा एखाद्या अनुभवी गाइडच्या मागे, रांगेतला शेवटचा माणूस म्हणून चालणं जास्त शिकवतं. जो गुरू पहिल्याच फेरीत तुम्हाला पुढे ढकलतो, त्याला तुमच्यापेक्षा स्वतःच्या सुटीची काळजी आहे. जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत हात लावा. तिथे थवा मोजायला शिकता येतं: दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत धरा, आणि तेवढे तुकडे पाडत जा.

सुरुवातीला नावं चुकतील, त्याने कुणाचं नुकसान होत नाही. “बदक, जात कळली नाही” असं मोठ्याने म्हणणाऱ्या गाइडवर लोक जास्त विश्वास ठेवतात.

सारस मात्र वेगळा. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत (भाताच्या खाचरात) किंवा बोडीच्या काठी घरटं करतो, बहुधा दोन अंडी. लोकांना घेऊन घरट्याकडे जायचं नाही, त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवून बोलवायचं नाही, फोटोसोबत गावाचं नाव टाकायचं नाही. पाहुण्याने कितीही आग्रह केला, पैसे वाढवून दिले, तरी नाही. हिवाळ्यात जोडी उघड्या वावरात चरताना रस्त्यावरून दिसते, तेवढं पुरे.