कोझी मिस्टरीची खरी मजा कशी घ्यायची? आधी आपल्या बिल्डिंगचा जिना आठवा

मागच्या पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावरच्या एका घरची दुधाची पिशवी अधूनमधून गायब व्हायला लागली. सेक्रेटरींनी वॉचमनला झापलं, ग्रुपवर दोन दिवस भांडण चाललं, कॅमेऱ्याचा खर्च कोणी करायचा इथपर्यंत गाडी गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एकच प्रश्न विचारला, ज्या दिवशी दूध जातं त्या दिवशी लिफ्ट चालू असते का हो? नसायची. लिफ्ट बंद असली की दूधवाला पोरगा चार मजले चढायचा कंटाळा करून पिशवी खालीच जिन्याच्या ग्रिलला अडकवून जायचा, आणि तळमजल्यावरचे आजोबा ती आपलीच समजून घरात न्यायचे. संपली केस.

कोझी मिस्टरी हा रहस्यकथांचा एक प्रकार, म्हणजे ह्या काकूंचीच गोष्ट, फक्त दुधाच्या जागी बहुतेक वेळा खून असतो. मी गेली कित्येक वर्षं ह्या सिरीज वाचतेय आणि बघतेय, आणि "अगं त्यात काहीच होत नाही" असं म्हणून मधेच सोडून देणारे इतके जण भेटलेत की शेवटी म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं.

पायरी १. आधी अपेक्षा बदला

खून होतो, पण तो सहसा आपल्यासमोर होत नाही आणि रक्ताचे पाट वाहत नाहीत. जागा छोटी असते, गाव, बेट, वृद्धाश्रम, एखादी बिल्डिंग, म्हणजे सगळे सगळ्यांना ओळखतात. आणि शोध लावणारा माणूस पोलीस नसतो, तो धर्मगुरू असतो, लेखिका असते, बेकरी चालवणारी बाई असते. त्याच्याकडे ना वर्दी, ना लॅब, ना कोणाला चौकीत बोलवायचा अधिकार. त्याच्याकडे असते ती माणसांची माहिती. पोलिसी वेबसिरीज बघायची सवय असेल तर पहिला अर्धा तास संथ वाटेल, कारण तिथे लोक चहा पीत गप्पा मारत असतात. पण तपास त्या गप्पांमध्येच चाललेला असतो, त्यामुळे फोन बाजूला ठेवा आणि गप्पा ऐका.

पायरी २. सुरुवात छोट्या गोष्टीने करा

एकदम तीनशे पानांची कादंबरी नको. इंग्लिश लेखिका अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलची, म्हणजे गावातल्या एका म्हाताऱ्या हौशी शोधक बाईची, पहिली गोष्ट १९२७ साली एका मासिकात आली, पुढे १९३२ मध्ये अशा तेरा गोष्टींचं 'द थर्टीन प्रॉब्लेम्स' हे पुस्तक निघालं. ठाण्याहून दादरला येईपर्यंत एक गोष्ट आरामात होते (बसायला मिळालं तर). कल्पना साधी आहे, सेंट मेरी मीड नावाच्या गावात मिस मार्पलच्या घरी काही मंडळी जमतात, त्यात एक वकील आहे, स्कॉटलंड यार्डचे, म्हणजे लंडन पोलिसांचे, निवृत्त मोठे साहेब आहेत, तिचा लेखक भाचा आहे, आणि ठरतं की दर मंगळवारी एकाने आपल्याला माहीत असलेलं रहस्य सांगायचं आणि बाकीच्यांनी ओळखायचं. म्हातारी कोपऱ्यात विणत बसलेली, तिला कोणी धरतच नाही.

आणि तिला विचारल्यावर ती कुठलं रहस्य काढते माहितीये? गावातल्या एका बाईने सोललेली कोळंबी विकत घेतली, मग आणखी दोन दुकानांत गेली आणि घरी येऊन बघते तर कोळंबी नाही! बाकीच्यांना वाटतं हे काय भलतंच, पण आपल्याकडे बाजारातून आणलेली सोललेली कोळंबी हरवली तर ते किती गंभीर प्रकरण असतं हे मी तुम्हाला सांगायला नको. माझ्या मते ह्या सगळ्या साहित्याची चावी त्या कोळंबीत आहे. छोट्या गोष्टीकडे जो नीट बघतो त्यालाच मोठी दिसते.

इंग्लिश वाचायचा कंटाळा असेल तर ख्रिस्तीची मराठी भाषांतरं आहेत, लायब्ररीत विचारा. जुनी इंग्लिश पुस्तकं मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर बघा, शोधायला मजा येते.

बघायचंच असेल तर 'मर्डर, शी रोट' ही टीव्ही सिरीज आहे, १९८४ ते १९९६, तब्बल २६४ भाग, पण घाबरू नका, बहुतेक भाग सुटे आहेत त्यामुळे कुठूनही उचला. 'ओन्ली मर्डर्स इन द बिल्डिंग' मात्र पहिल्या सीझनपासूनच बघा कारण एका सीझनचा शेवट पुढच्याला जोडलेला असतो. न्यूयॉर्कमधली एक जुनी भव्य बिल्डिंग आणि एकमेकांना फक्त लिफ्टमध्ये बघितलेले तीन शेजारी, मुंबईच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. रिचर्ड ऑस्मनची 'द थर्सडे मर्डर क्लब' ही सिरीज (पहिलं पुस्तक २०२०) पण ओळीनेच वाचा, त्यातली चौघं निवृत्त माणसं पुस्तकागणिक बदलत जातात आणि खरा जीव त्यांच्यातच अडकतो.

पायरी ३. नावांची चिठ्ठी करा

ही पायरी लोक टाळतात आणि मग शंभराव्या पानावर हा कोण, तो कोण करत बसतात. बुकमार्क म्हणून कागदाची पट्टी घ्या, नाव आणि पुढे दोन शब्द. नाव लक्षात राहत नसेल तर आपलं टोपणनाव द्या, मी सरळ 'बागवाली', 'चिडका डॉक्टर', 'उसने मागणारा पुतण्या' असं लिहिते.

पायरी ४. क्ल्यू कुठे लपवतात ते ओळखायला शिका

हा खेळ सरळ आहे, वाचकाला फसवायचं पण खोटं बोलायचं नाही. रोनाल्ड नॉक्स नावाच्या धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, १९२९ मध्ये दहा नियमच काढले होते. शोधकाला क्ल्यू सापडला की तो वाचकालाही लगेच कळला पाहिजे, जुळे भाऊ आधी तयारी न करता अचानक आणायचे नाहीत, गुप्त खोली किंवा वाट एकापेक्षा जास्त नको, असे. लेखक नियम मोडतात तो भाग वेगळा, पण चांगल्या पुस्तकात उत्तर तुमच्या डोळ्यासमोरच ठेवलेलं असतं.

मग ते दिसत का नाही? माझ्या बघण्यात तीन जागा आहेत. एक म्हणजे यादी, टेबलावर काय काय होतं ह्याची सहा वस्तूंची यादी दिली की त्यातली चौथी महत्त्वाची असू शकते, आपण पहिली आणि शेवटची लक्षात ठेवतो. दुसरी, जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही अशा व्यक्तीची बडबड, मोलकरीण, खूप बोलणारी शेजारीण, लहान मूल. कादंबरीतली सगळी पात्रं तिला कंटाळलेली असतात म्हणून आपणही कंटाळतो, आणि तिथेच फसतो. तिसरी सगळ्यात हुशार, क्ल्यू दिला की पुढच्याच वाक्यात काहीतरी मोठं घडतं, किंकाळी येते, दार वाजतं, आणि आपण पळत पुढे जातो. म्हणून मोठं काही घडलं की मी मुद्दाम अर्धं पान मागे जाऊन परत वाचते.

पायरी ५. प्रत्येक संशयिताला आपल्या ओळखीतला माणूस जोडा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि पद्धत माझी नाही, मिस मार्पलची आहे. तिच्यासमोर कुठलाही परका माणूस आला की तिला गावातलं कोणीतरी आठवतं, आणि तो तसा वागला होता म्हणजे हाही तसाच वागेल असं ती मानते. आपण तर तिच्यापेक्षा श्रीमंत आहोत, ती एका खेड्यात राहते आणि आपल्याकडे चाळ आहे, सोसायटी आहे, लेडीज डबा आहे, गणपतीची कमिटी आहे. कादंबरीतला तो अतिनम्र माणूस, जो सगळ्यांची कामं करतो आणि हिशोब मात्र कधी दाखवत नाही, असा एक तुमच्या ओळखीत असणारच, त्याला मनात आणा आणि मग वाचा. इंग्लंडमधला पाद्री एकदम परका वाटेनासा होतो. पटकन कोण चिडेल, कोण लपवेल, कोण दुसऱ्यासाठी खोटं बोलेल हे कळायला लागतं.

पायरी ६. शेवटाच्या आधी थांबा

पुस्तकाचा साधारण पाऊण भाग झाला की बंद करा आणि त्याच पट्टीवर तीन गोष्टी लिहा, कोणी केलं, का केलं, आणि कशावरून वाटतं. मनात ठेवलं तर शेवटी आपण "मला माहीतच होतं" म्हणतो आणि ते खरं नसतं. चुकलात तर कुठल्या वाक्याने फसवलं ते मागे जाऊन शोधा, मला तर दुसऱ्यांदा वाचताना पहिल्यापेक्षा जास्त मजा येते.

पायरी ७. एकदा तरी आपल्या शहरातली वाचा

लेखिका सुजाता मॅसीच्या पुस्तकांतली परवीन मिस्त्री १९२१ च्या मुंबईतली पारशी वकील आहे. पहिल्या पुस्तकात मलबार हिलवरच्या बंगल्यात तीन विधवा पडद्यात राहतात, परपुरुषाला भेटत नाहीत, त्यामुळे आत जाऊन त्यांच्याशी समोरासमोर बोलू शकते ती फक्त परवीन. पोलिसांना जे दार बंद ते हिला उघडं. हौशी शोधक का लागतो ह्याचं इतकं चोख कारण मी दुसरीकडे क्वचितच बघितलंय. परवीनच्या पात्रामागे नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींची प्रेरणा आहे, त्यांनी खरोखरच पडदानशीन बायकांसाठी कायद्याचं काम केलं. वाचून झाल्यावर एखाद्या रविवारी सकाळी फोर्टात चक्कर मारा, गर्दी नसते, जुन्या दगडी इमारती निवांत बघता येतात.

घरात लहान मुलं असतील तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच, फुरसुंगीचा बन्या पण हौशी शोधकच की.

पायरी ८. एकट्याने नको, मंगळवार ठरवा

आम्ही चार जणी महिन्यातून एका मंगळवारी जमतो. एकीने गोष्ट मोठ्याने वाचायची आणि उलगडा सुरू व्हायच्या आधी थांबायचं, चहा टाकायचा, प्रत्येकीने चिठ्ठीवर नाव लिहून डब्यात टाकायचं, मग पुढे वाचायचं. ज्यांनी आधी वाचलंय त्यांनी चेहरा सुद्धा हलवायचा नाही. कांदाभजी असतील तर ती वाचणारीसाठी बाजूला काढून ठेवा, तिला मधे खाता येत नाही. पुढच्या मंगळवारी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना बोलावलंय, त्यांनी एकही रहस्यकथा वाचलेली नाही आणि मला अगदी खात्री आहे की त्या आम्हा चौघींच्या आधी ओळखणार.