ऑकलंडला नवीन आलात? दुकानात चोरी झाली आणि बैठकीचं बोलावणं आलं तर

इथे आलेली आपली बरीच मुलंमुली सुरुवातीला डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, नाहीतर पेट्रोल पंपावर काम धरतात. म्हणून हे आधीच सांगून ठेवते. दुकान फोडणारा पोरगा १४ ते १७ वर्षांचा निघाला, तर तुम्हाला एका समन्वयकाचा फोन येऊ शकतो: 'फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स'ला, म्हणजे मुलगा आणि त्याच्या घरच्यांबरोबरच्या बैठकीला, याल का?

जा. टाळू नका.

ही पद्धत १९८९च्या कायद्याने आली. त्याआधी कितीतरी माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, मुलांना घरच्यांपासून तोडून सरकारी संस्थांत ठेवलं जाई. माओरी समाजाने त्याविरुद्ध आवाज उठवला, 'पुआओ-ते-आता-तू' अहवालात ते सगळं मांडलं गेलं. आता मुलगा, त्याचे घरचे, पोलीस आणि तुम्ही एका खोलीत बसता. मधे घरच्यांना आपसात बोलायला वेळ देतात. मग माफी, भरपाई, समाजासाठी काम, जे काही करायचं ते सगळ्यांच्या संमतीने ठरतं. तारीख आणि जागा ठरवताना तुमचं मत घ्यावं लागतं. सोबत कुणाला तरी न्या. जमत नसेल तर प्रतिनिधी पाठवा. इंग्रजी अडखळतं म्हणून गप्प बसू नका. रात्री झोप लागत नाही, कामावर जायची धास्ती वाटते, हे त्या पोराने तुमच्या तोंडून ऐकायला हवं.

पुढे काही मुलांवरची देखरेख रंगाताही कोर्टात, म्हणजे माओरी रीतीने चालणाऱ्या तरुणांच्या कोर्टात, होते. पहिलं २००८ साली गिसबर्नच्या मराएवर, म्हणजे माओरी समाजाच्या सभास्थानी, भरलं, न्यायाधीश हीमी टाउमाउनू यांच्या पुढाकाराने. कायदा तोच, पण न्यायाधीशांशेजारी जमातीतले वडीलधारे बसतात आणि मुलगा आपला डोंगर, नदी, जमात सांगून ओळख करून देतो. आपल्यातले काहीजण याला लाड म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. ज्या आजी-आजोबांचा शब्द सगळे मानतात, त्यांच्यासमोर उभं राहून आपण काय केलं ते सांगायचं, ही काही सुटका नव्हे. कधी मराएवर गेलात, तर स्वागत होईपर्यंत बाहेर थांबा, सभागृहात शिरताना पादत्राणं काढा, टेबलावर बसू नका.

बैठकीतलं बोलणं किंवा मुलाचं नाव फेसबुकवर टाकायला कायद्याने मनाई आहे. मन मोकळं करायचं असेल तर 'व्हिक्टिम सपोर्ट'ला फोन करा: ०८०० ८४२ ८४६. मोफत आहे, रात्री-अपरात्रीही उचलतात.