वैनगंगेच्या खोऱ्यातून रेल्वेने : गोंदिया ते नागभीड एक दिवसाची सहल कशी आखावी

नदीचं खोरं आणि रेल्वे म्हटलं की बोगदे, दऱ्या, धबधबे डोळ्यांपुढे येतात. ते सगळं आधी बाजूला ठेवा. पूर्व विदर्भात गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणारी गाडी जवळजवळ सपाट मुलखातून जाते. खुद्द वैनगंगा दिसते ती वडशाच्या पुढच्या पुलावर, तीही मिनिट-दोन मिनिटं. बाकीचा सगळा वेळ दिसतं ते नदीने घडवलेलं खोरं : धानाच्या बांध्या म्हणजे बांध घातलेली भातशेतं, बोड्या म्हणजे शेतातली छोटी तळी, जुने मामा तलाव, मधूनच जवळ येणाऱ्या जंगलाच्या टेकड्या. हे बघायचं असेल तर भारतातल्या कुठल्याही प्रसिद्ध रेल्वेमार्गाइतकाच हा रस्ता देखणा आहे, असं माझं मत आहे. फक्त कुठे काय बघायचं ते आधी माहीत हवं, आणि परतीची गाडी चुकता कामा नये.

टप्पा निवडा, अख्खा मार्ग नको

गोंदिया ते बल्लारशाह हा मार्ग साधारण २४० किलोमीटरचा. पूर्वी इथे नॅरोगेजची छोटी गाडी धावायची, १९९०च्या दशकात ब्रॉडगेज झाली. एका दिवसात टोकापर्यंत जाऊन परत येता येईलही, पण मग दिवसभर फक्त बसून राहाल. गोंदिया ते नागभीड हा निम्मा टप्पा पुरेसा आहे. नवेगावच्या टेकड्या, अर्जुनीकडचे तलाव, वडसा आणि वैनगंगेचा पूल, एवढं सगळं त्यात येतं. साध्या गाडीने तीनेक तास धरा. सोबत लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर ब्रह्मपुरीपर्यंतच जा. पूल ओलांडून होतो आणि दिवस मोकळा राहतो.

नागपूरकरांनी सकाळी लवकरची गाडी पकडून आधी गोंदिया गाठावं, अंतर सुमारे १३० किलोमीटर. ह्या प्रवासातही वैनगंगा भेटतेच. तुमसर रोड सोडलं की मुंडीकोटा यायच्या आधी माडगीजवळ मोठा पूल लागतो. माडगीला नदीच्या पात्रात नृसिंहाचं देऊळ आहे आणि कार्तिक पौर्णिमेला तिथे यात्रा भरते. म्हणजे एकाच दिवसात एकच नदी दोन ठिकाणी ओलांडता, आणि दुसऱ्या वेळी ती चांगलीच रुंदावलेली असते.

आधी परतीची गाडी, मग जाण्याची

सगळ्यात महत्त्वाचं काम हे. मार्ग एकेरी आहे. समोरून गाडी येत असेल तर तुमची गाडी एखाद्या छोट्या स्टेशनात क्रॉसिंगसाठी उभी राहते. त्यात मालगाड्यांची वर्दळ. २०२५ मध्ये केंद्राने ह्या मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली आहे, पण दुसरा रूळ पडेपर्यंत हे असंच चालायचं. दिवसाच्या गाड्याही मोजक्याच.

म्हणून आखणी उलटीकडून करा. नागभीड आणि वडसा ह्या दोन स्टेशनांवरून दुपारनंतर गोंदियाकडे जाणाऱ्या गाड्या कागदावर लिहून काढा. त्यातली शेवटची गाडी आपली नाही असं समजा, ती राखीव. शेवटून दुसरी ती तुमची. समजा ती वडशाहून चारच्या सुमाराला आहे, तर साडेतीनला स्टेशनात असायला हवं. म्हणजे तीनला जेवणखाण, भटकणं आटोपलेलं हवं, आणि सकाळची गाडी अशी हवी की हातात निदान तीन तास उरतील. तेवढे उरत नसतील तर उतरण्याचं ठिकाण बदला, वेळेशी झटापट नको.

वेळापत्रक रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर बघता येतं किंवा १३९ ह्या चौकशी क्रमांकावर विचारता येतं. आदल्या रात्री पुन्हा एकदा बघाच. रुळांच्या कामासाठी ब्लॉक घेतला की सगळ्यात आधी साध्या गाड्याच रद्द होतात. हा मार्ग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येतो, म्हणून बातमी शोधताना ते नाव ध्यानात ठेवा. नागपूर म्हटलं की लोक मध्य रेल्वेची सूचना वाचतात आणि निश्चिंत होतात.

तिकीट

मेमू किंवा पॅसेंजरने जा. एक्स्प्रेस वेळ वाचवते, पण मधली स्टेशनं गाळते, आणि इथली मजा त्या स्टेशनांतच आहे. टोपल्या घेऊन चढणाऱ्या बाया, शाळा-कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेली मंडळी, ह्यांच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातला हा जंगलपट्टा, कळत नाही. आरक्षणाची भानगड नाही. खिडकीवर किंवा मोबाइलवर साधं तिकीट काढायचं, आणि भाडं इतकं कमी की हिशेब लिहायची गरज नाही.

एक नियम मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. पाचशे किलोमीटरपेक्षा कमी अंतराच्या तिकिटावर मध्येच उतरून पुढे दुसऱ्या गाडीने जाता येत नाही. गोंदिया–नागभीड तिकीट काढून वडशाला उतरलात की ते तिकीट तिथेच संपलं. मध्ये उतरायचं असेल तर तुकड्यातुकड्यांचीच तिकिटं काढा.

कधी जावं

माझी पहिली पसंती सप्टेंबर ते नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी चालू असते. पऱ्हे उपटून बांधीत रोवणाऱ्या बायांच्या रांगा, चिखलात आभाळ उतरलेलं, हे दृश्य अप्रतिम असतं, पण पाऊस लागला की खिडक्या बंद आणि गाड्याही अडकतात. सप्टेंबरात धान पोटरीला येतं आणि क्षितिजापर्यंत एकच हिरवा रंग. दिवाळीच्या आसपास तो पिवळा पडतो, कापणी सुरू होते, शेताशेतांत धानाचे पुंजणे उभे राहतात. तलावातले शिंगाडेही ह्याच दिवसांत निघतात. उकडलेले शिंगाडे मिळाले तर घ्याच.

हिवाळ्यात बांध्यांत लाखोळी, जवस, हरभरा, आणि नवेगावच्या तलावावर पाहुणे पक्षी. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो. त्या पंधरवड्यात गाडीतून जंगल पेटल्यासारखं दिसतं, आणि रुळांच्या कडेला सकाळी सकाळी मोहफुलं वेचणारी माणसंही दिसतात. एप्रिल ते मध्य जून जाऊच नका. उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत ब्रह्मपुरी आणि चंद्रपूरची नावं उगाच येत नाहीत.

कुठे बसावं, काय पाहावं

गाडी गोंदियाहून दक्षिणेकडे निघते, म्हणून सकाळचं ऊन डाव्या खिडकीत. उजवीकडे बसा. परतताना दुपारी गाडी उत्तरेकडे आणि सूर्य पश्चिमेला, म्हणजे ऊन पुन्हा डावीकडेच. दोन्ही वेळा उजवी खिडकी धरली की सावली मिळते, आणि न ठरवता दोन्ही बाजूंचा मुलूखही बघून होतो.

गोंदिया सोडल्यावर पहिला तासभर शेतीच शेती. गोंदियातल्या राइस मिलांचं धान इथलंच. सौंदडपर्यंत आलात की भूगोल बदलायला लागतो. चुलबंद नदी ह्याच भागातून पुढे वैनगंगेला मिळायला जाते. मग पूर्वेकडे नवेगावच्या टेकड्या दिसू लागतात. जाताना त्या डावीकडे आणि उन्हाच्या आड असतात, म्हणून फोटो परतीच्या वेळचेच चांगले येतात.

ह्या टेकड्यांच्या कुशीत नवेगावबांधचा तलाव आहे. कोलू पाटील कोहळी याने तो अठराव्या शतकात बांधला असं सांगतात. कोहळी समाजाची ख्यातीच तलाव बांधण्याची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या चारही जिल्ह्यांत असे हजारो लहानमोठे तलाव आहेत. मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात होते म्हणून सरकारदरबारी ते ‘माजी मालगुजारी तलाव’, आणि लोकांच्या तोंडी नुसतं ‘मामा तलाव’. उताराच्या बाजूला मातीची पाळ घालायची, वरचं पावसाचं पाणी अडवायचं आणि पाळीखालच्या बांध्यांना ते टप्प्याटप्प्याने सोडायचं, ही सगळी रचना खिडकीतून वाचता येते. आधी झाडांची ओळ असलेली उंच पाळ दिसेल, मग पाणी, मग कमळं किंवा शिंगाड्याची वेल, आणि पाळीच्या खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेलं धान. दोन-तीन तलाव असे ओळखता आले की पुढचे आपोआप दिसायला लागतात.

नवेगावला जवळचं स्टेशन देवलगाव. तिथे उतरायचा मोह होईल, पण नवेगावला स्वतंत्र दिवस द्या. अर्जुनी मोरगावहून जवळ असलेलं इटियाडोह धरण आणि गोठणगावची तिबेटी वसाहत ह्यांचंही तेच. एका दिवसात सगळं कोंबू नका.

अर्जुनीनंतर वडसा. सरकारी नाव देसाईगंज, गडचिरोली जिल्ह्याचं रेल्वेचं दार. झाडीपट्टी रंगभूमीचं हे मुख्य ठाणं. नाटक मंडळ्यांची कार्यालयं इथेच, आणि दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की भिंती जाहिरातींनी भरून जातात. मंडई (इथे जत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) ह्यांच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर प्रयोग चालतात. नाटक बघायचंच असेल तर मुक्कामाची तयारी करून या, ते दिवसाच्या सहलीत बसत नाही.

वडसा सुटलं की फोन तयार ठेवा. थोड्याच वेळात पूल येतो. गाडी इथे पश्चिमेकडे वळलेली असते, त्यामुळे उजव्या खिडकीतून नदीचा वरचा प्रवाह दिसतो. पावसाळ्यात काठोकाठ, हिवाळ्यात रेतीचे पट्टे आणि त्यांच्यामधून वाहणारं निळं पाणी, उन्हाळ्याकडे झुकताना रेतीत टरबूज-काकडीच्या वाड्या. सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी पुढे वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. पुलाच्या अलीकडे गडचिरोली जिल्हा, पलीकडे चंद्रपूर. दारात उभं राहून व्हिडिओ काढू नका. खिडकीतून तेच दिसतं.

उतरल्यावर

नागभीडपर्यंत गेलात तर ऑटो ठरवून घोडाझरी तलाव बघून या. जंगलाने वेढलेला मोठा तलाव आहे, आणि २०१८ मध्ये ह्या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. जाऊन-येऊन आणि थांबण्यासह भाडं आधीच ठरवा, आणि ऑटोवाल्याला तुमची परतीची गाडी कोणती ते सांगून ठेवा. परतीला ऑटो शोधत बसण्याची वेळ येत नाही.

वडशाला किंवा ब्रह्मपुरीला उतरून नदीकाठी जाणार असाल तर एक गोष्ट गंभीरपणे घ्या. वरच्या बाजूला पवनीजवळ गोसीखुर्द धरण आहे. त्याची दारं उघडली की इथलं पाणी चढतं, मग तुमच्या डोक्यावर ढग असो नसो. २०२० च्या ऑगस्टअखेरीस आलेल्या पुरात भंडाऱ्यापासून वडसा-ब्रह्मपुरीपर्यंत गावंच्या गावं पाण्यात गेली होती. पावसाळ्यात निघण्याआधी विसर्गाची बातमी बघा, आणि कोणत्याही ऋतूत पात्रात उतरण्याआधी काठावरच्या ढिवरांना, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांना, विचारा. ते ‘नको’ म्हणाले तर नको.

खाण्याचं फार नियोजन लागत नाही. गोंदियात तर्री-पोहे किंवा आलुबोंडा खाऊन निघा, दुपारचं जेवण वडसा, ब्रह्मपुरी किंवा नागभीडच्या साध्या खानावळीत. भात मागताना चिन्नोर आहे का ते विचारून बघा. भंडारा भागातला हा सुवासिक तांदूळ मिळाला तर नुसत्या वरणासोबतही पुरे. पाणी मात्र घरूनच भरपूर न्या. लहान स्टेशनांवर काही मिळेलच असं धरू नका, आणि डब्यात स्वच्छतागृह असेलच असंही नाही.

क्रॉसिंगला गाडी थांबली की लोक खाली उतरून रुळांवर रेंगाळतात, ते टाळा. हा सगळा पट्टा वाघांच्या येण्याजाण्याचा आहे. २०१८ मध्ये ह्याच मार्गावर, चंद्रपूरजवळच्या जुनोन्याच्या जंगलात, वाघाचे तीन बछडे गाडीखाली आले. उरलेलं अन्न खिडकीतून फेकलं की माकडं, रानडुकरं रुळांवर येतात आणि त्यांच्यामागे बाकीचे. पिशवीत भरून परत न्या.

गाडी चुकली तर

नागभीडहून नागपूरसाठी रेल्वे गृहीत धरू नका. तिथली जुनी नॅरोगेज २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. एसटी मात्र आहे, भिवापूर-उमरेडमार्गे. नागपूरकरांनी तर ठरवूनच हा मार्ग धरला तरी चालेल, जाताना रेल्वे आणि येताना बस. मिरचीच्या हंगामात भिवापूरला बस थांबली तर तिथली मिरची घेता येते. गोंदियाकडे परतणाऱ्यांनी राखीव गाडीची वाट बघावी. गोंदिया हे हावडा–मुंबई मार्गावरचं मोठं जंक्शन असल्यामुळे तिथून नागपूरला रात्री उशिरापर्यंत काही ना काही मिळतं. चंद्रपूरकरांनी नागभीडहून चांदा फोर्टची गाडी बघावी, पण एक लक्षात ठेवा : चांदा फोर्ट आणि चंद्रपूर ही शहरातली दोन वेगळी स्टेशनं आहेत. घ्यायला येणाऱ्याला नीट सांगा, नाहीतर तो एका स्टेशनात आणि तुम्ही दुसऱ्या.