सी मध्ये स्ट्रिंग लोअरकेस करायचीय? हे वाचा

आंब्याच्या सीझनला पेट्यांच्या ऑर्डरींची फाईल बघा कधी, गावाचं नाव जो तो आपल्या मनाने टाईप करतो. कुणी देवगड अख्खं कॅपिटलमध्ये, कुणी फक्त पहिलं अक्षर मोठं, कुणी सगळंच स्मॉल. आपल्याला ते एकच देवगड पण स्ट्रिंगची तुलना करणाऱ्या स्ट्रसीएमपी फंक्शनच्या लेखी ही तीन वेगळी गावं, म्हणून तुलना करायच्या आधी सगळं स्मॉल करून घ्यायचं.

अख्खी स्ट्रिंग एका झटक्यात लोअरकेस करणारं स्टँडर्ड फंक्शन सी मध्ये नाहीये. कॉलेजात टर्बो सी वर स्ट्रलोअर वापरलं असेल, तेच लिनक्सवर जीसीसी कंपायलरला दिलंत तर तो एरर देऊन बोंब मारतो.

त्यापेक्षा सीटाइप डॉट एच इन्क्लूड करा, त्यात टूलोअर आहे. ते एका वेळी एकच कॅरेक्टर घेतं आणि बदललेलं परत देतं, मूळ ॲरेला हातही लावत नाही, त्यामुळे नुसतं कॉल करून सोडलंत तर काही म्हणजे काही होत नाही. फॉर लूप लावा, आय शून्यापासून नल कॅरेक्टर (स्ट्रिंगचा शेवट दाखवणारं) येईपर्यंत, आणि आत जे परत मिळेल ते एस ऑफ आय मध्येच ठेवा, एस म्हणजे आपली स्ट्रिंग. कंडिशनमध्ये स्ट्रलेन नको, उगाच दर फेरीला लांबी मोजत बसेल.

काहीजण सरळ 32 मिळवतात कारण ॲस्कीत, म्हणजे अक्षरांना आकडे देणाऱ्या कोडमध्ये, मोठा ए 65 आणि छोटा 97. ठीक आहे, पण आधी ते कॅपिटल आहे का बघितलं नाही तर 'रत्नागिरी स्टेशन रोड' मधल्या स्पेसचं काय होईल? स्पेस 32, त्यात 32 म्हणजे 64, म्हणजे दोन्ही जागी ॲट-द-रेटचं चिन्ह. घ्या आता, पत्त्याचा ईमेल झाला!

आता जे बहुतेकजण विसरतात ते, टूलोअरला देताना कॅरेक्टर अनसाइन्ड कॅरमध्ये (निगेटिव्ह न होणारा प्रकार) कास्ट करा. कुणीतरी मराठीतच 'मालवण' टाकणार, यूटीएफ-8 मध्ये त्यातलं प्रत्येक अक्षर 3 बाइटचं, काना वेगळा 3 बाइटचा, आणि सगळे बाइट 127 च्या वर, साइन्ड कॅर असेल तिथे ते निगेटिव्ह होतात आणि मग अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे काय होईल याचा नेम नाही. कास्ट केलंत की डीफॉल्ट लोकेलमध्ये (भाषेच्या सेटिंगमध्ये) ते जसेच्या तसे राहतात, आपल्या लिपीत कॅपिटल-स्मॉलची भानगडच नाही.

आणि हो, स्ट्रिंग ॲरेमध्ये घ्या, कॅर पॉइंटरला थेट लिटरल (अवतरणात लिहिलेली स्ट्रिंग) देऊन ते बदलायला गेलात तर लिनक्सवर सेगमेंटेशन फॉल्ट येऊन प्रोग्राम बंद पडणं ठरलेलं.

नुसती तुलनाच करायची असेल तर लिनक्स, मॅकवर स्ट्रिंग्ज डॉट एच मधलं स्ट्रकेससीएमपी आहे, ते केस बघतच नाही आणि पेटीवर छापायचं नाव गिऱ्हाइकाने दिलं तसंच राहतं.